वीतभर पाण्याखालचा मासा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर बहुतेकदा वारा पडलेला असतो. पाणी हलत नाही, आणि काठापासून दहा-पंधरा मीटरवर एकामागून एक वलयं उमटत राहतात. मासे वर आले आहेत, खात आहेत, हे कुणालाही दिसतं. काठावरचा माणूस कणकेची गोळी किंवा गांडूळ लावतो, शिशाचं वजन बांधतो आणि गळ फेकतो. गळ तळाला जाऊन बसतो. मासे असतात वीतभर ते हातभर खोलीवर, आमिष असतं दोन पुरुष खाली. तासभर वलयं बघून माणूस रिकाम्या हाताने घरी जातो.

हे वीतभर-हातभर पाणी गाठण्याची एक जुनी विद्या आहे. फ्लाय फिशिंग, आणि त्यातही निंफ नावाच्या पाणकिड्यांची नक्कल करून केलेली मासेमारी. तिचं मर्म दोरीत आहे; हा खेळ खेळणारे तिला लाइन म्हणतात. नवशिके बहुतेक पैसे काठीवर आणि रंगीत फ्लायवर खर्च करतात आणि लाइन दुकानदार देईल ती घेतात. तळ्यावर, त्यातही नाशिकच्या वाऱ्याच्या धरणांवर, हे नेमकं उलट व्हायला हवं. काठी मध्यम असली तरी चालते, फ्लाय घरी बांधता येतो. लाइन चुकली तर मात्र आमिष माशाच्या समोरून जातच नाही.

मासा वर येऊन खातो तरी काय? चतुर, टाचणी, मेफ्लाय, चिलटं हे सगळे हवेत उडणारे कीटक आयुष्याचा मोठा भाग पाण्यात काढतात. पंख फुटायची वेळ झाली की ते वर येतात, आणि तेवढ्यात मासे त्यांना गाठतात. टाचणीचं पिल्लू पाहण्यासारखं असतं. दोन-तीन सेंटिमीटर लांब, काडीसारखं बारीक, रंगानं शेवाळी, मागच्या टोकाला पिसासारखे तीन कल्ले. अंग डावी-उजवीकडे वळवत ते पृष्ठभागाजवळून काठाच्या किंवा पाणगवताच्या दिशेनं आडवं पोहत जातं, एखाद्या देठावर चढतं आणि तिथे कात टाकतं. चतुराचं पिल्लू अधिक जाड. ते मागच्या बाजूनं पाण्याची पिचकारी सोडून पुढे झेपावतं. न चावणाऱ्या कायरोनोमिड चिलटांची रीत अगदी वेगळी. त्यांची अळी तळच्या चिखलात राहते. अनेक जातींत ती लालभडक असते, कारण तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. तिचा कोष झाला की तो हळूहळू सरळ वर चढतो आणि पृष्ठभागाच्या लगेच खाली येऊन लटकतो. पाण्याचा पृष्ठताण फोडून बाहेर पडायला त्याला थोडा वेळ लागतो. माशाला यापेक्षा सोपं भक्ष्य मिळत नाही.

शास्त्राच्या हिशेबात कोष म्हणजे निंफ नव्हे, पण मासेमारीत पाण्यातल्या सगळ्याच अपुऱ्या वाढीच्या कीटकांच्या नकलेला निंफ म्हणायची पद्धत आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच की टाचणीचं पिल्लू आडवं पोहतं आणि चिलटाचा कोष उभा चढतो. लाइन कोणती घ्यायची याचं निम्मं उत्तर यात आहे.

साध्या गळात वजन शिशाला असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. फ्लायला वजन असं नसतंच. हुकावर गुंडाळलेले मोरपिसाचे चार तंतू, बारीक तार, फार तर थोडी लोकर. असली वस्तू फेकून दोन मीटरही जाणार नाही. म्हणून वजन लाइनमध्येच भरलेलं असतं. लाइन साधारण 27 ते 30 मीटर लांब आणि एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते. आत वेणीचा किंवा एकसंध नायलॉनचा गाभा, वर प्लॅस्टिकचं आवरण. काठी मागे-पुढे झुलवली की लाइनचा वेढा हवेत उलगडत जातो आणि टोकाच्या पातळ पारदर्शक लीडरला बांधलेला फ्लाय त्याच्यामागे जाऊन पडतो. लाइनचा क्रमांक पहिल्या 30 फुटांच्या, म्हणजे सुमारे 9 मीटरच्या वजनावर ठरतो. पाच क्रमांकाचं वजन साधारण 9 ग्रॅम, सहाचं साडेदहा, सातचं 12, आठचं साडेतेरा. काठीवर जो क्रमांक छापलेला असतो, त्याच क्रमांकाची लाइन घ्यायची. नाशिकच्या धरणांवर चिलापी आणि लहान-मध्यम देशी माशांसाठी सहा क्रमांक पुरतो. वारा रोजचाच असेल तर सात.

क्रमांक ठरला की खरा प्रश्न येतो. तरंगणारी लाइन घ्यायची की बुडणारी?

मासे पृष्ठभागाजवळ आहेत, तेव्हा तरंगणारीच घ्यावी, असं कुणालाही वाटेल. वारा नसताना हे बरोबरही आहे. तरंगणाऱ्या लाइनच्या आवरणात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात. त्यांच्यामुळे ती पाण्यावर राहते. लीडर मात्र बुडतो आणि फ्लाय त्याच्या टोकाशी लटकतो. लाइन हातानं थोडी ओढली की फ्लाय वर उचलला जातो, थांबलं की सावकाश खाली जातो. वर चढणाऱ्या कोषाची चाल हुबेहूब हीच. शिवाय लाइन डोळ्यासमोर असते. निंफ घेणारा मासा काठीला झटका देईलच असं नाही. पुष्कळदा लाइनचं टोक फक्त बोटभर पुढे सरकतं आणि तेवढ्यावर काठी उचलायची असते. त्यामुळे तरंगणारी लाइन फिकट पिवळी किंवा नारिंगी घेतली तर बरं. मासा बिचकेल ही भीती लीडर लांब ठेवून टाळता येते. शांत पाण्यावर साडेतीन ते साडेचार मीटरचा लीडर हवा.

वारा सुटला की चित्र पालटतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यालगत आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरणावर मोकळा येतो आणि पावसाळ्यात तो दिवसभर असतो. वाऱ्यानं पाण्याचा वरचा पातळ थर वाहू लागतो. त्याचा वेग वाऱ्याच्या दोन-तीन टक्के असतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा म्हणजे मिनिटाला सात ते दहा मीटर सरकणारं पाणी. त्यावर पडलेली लाइन मधेच धनुष्यासारखी वाकते. तो बाक फ्लायला आडवा ओढत नेतो. कोणताही कोष किंवा पिल्लू त्या वेगानं, त्या दिशेनं पोहत नाही. वरून दिसतं की फ्लाय छान चालला आहे. खाली मासा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. आणि मासा चुकून लागलाच, तरी लाइनमधला बाक सरळ होईपर्यंत तो फ्लाय थुंकून मोकळा झालेला असतो.

अशा वेळी हवी ती इंटरमीजिएट लाइन. तिचं वजन पाण्यापेक्षा किंचितच जास्त असतं, त्यामुळे ती सेकंदाला अडीच ते चार सेंटिमीटर इतक्या सावकाश बुडते. पृष्ठभागाचं ते वाहतं पाणी पातळ असतं. लाइन त्याच्याखाली उतरली की काठीपासून फ्लायपर्यंत बऱ्यापैकी सरळ राहते, आणि ओढली की फ्लाय वर न उचलता आडवा चालतो. टाचणीचं पिल्लू असंच जातं. तरंगणारी लाइन ओढताना शांत पाण्यावर जी रेघ उमटते, तीही इथे राहत नाही.

तिला वापरताना मनात आकडे मोजायचे असतात. सेकंदाला तीन सेंटिमीटर धरले तर दहा सेकंदांत लाइन तीस सेंटिमीटर खाली गेली. म्हणजे वीत ओलांडून हाताकडे निघाली. वीस सेकंदांत साठ, म्हणजे हातभराच्याही खाली. तेव्हा फ्लाय पडल्यावर पाच ते बारा सेकंदांत ओढायला सुरुवात करावी. सहा मोजून मासा लागला तर पुढच्या फेकीलाही सहाच मोजावेत. पोटात काही नसलेल्या, म्हणजे शिसं किंवा जाड तांब्याची तार न गुंडाळलेल्या, हलक्या फ्लायवरच हे जमतं. अगदी सेकंदाला सेंटिमीटरभर बुडणाऱ्या लाइनही मिळतात, त्यांना हॉवर म्हणतात. वीतभराच्या मासेमारीसाठी त्या उत्तम, पण भारतात सहज मिळत नाहीत. आणखी एक तडजोड म्हणजे पूर्ण तरंगणारी, पण टोकाचा मीटरभर भाग पारदर्शक आणि सावकाश बुडणारा असलेली लाइन. झुळूकच असेल तर ती दोन्हीचं काम करते. वारा जोराचा झाला की तिचा तरंगणारा भाग पुन्हा तोच बाक घेतो.

इंग्रज गळकऱ्यांना हा पेच फार पूर्वी पडला होता. त्या काळी लाइन रेशमाच्या असत. रेशीम पाण्यापेक्षा जड. तेव्हा ते तरंगावं म्हणून त्याला चरबीसारखं वंगण चोळत आणि दिवस संपला की लाइन सोडून वाळत घालत. टोकाचा थोडा भाग कोरडा सोडला की तो बुडायचा. तरंगणाऱ्या लाइनचं बुडतं टोक तेव्हा बोटांनी, रोज सकाळी तयार व्हायचं. जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलानं 1910 साली पुस्तक लिहून निंफची मासेमारी मांडली, आणि पाण्यावर तरंगणारा फ्लायच खरा मानणाऱ्यांशी त्याचा वाद आयुष्यभर चालला. एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर यानं धाग्याऐवजी तांब्याची तार वापरून फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंचा निंफ बांधला. त्याचं पुस्तक 1958 चं. हे दोघं नदीचे. तळ्यावरचं निंफतंत्र वाढलं ते पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या धरणांवर, 1904 मध्ये मासेमारीला खुल्या झालेल्या ब्लॅगडनपासून 1966 मध्ये खुल्या झालेल्या ग्राफमपर्यंत. नाशिककरांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपली पाणीही तशीच, शहरासाठी आणि शेतीसाठी अडवलेली आहेत: दारणा 1916 चं, गंगापूर 1965 चं, त्याच्या वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी, इगतपुरीकडे ऊर्ध्व वैतरणा. तिकडे शिकलेले धडे इथे बरेचसे लागू पडतात.

प्लॅस्टिकचं आवरण आलं 1950 च्या दशकात आणि रेशमाचा उपद्व्याप संपला. पण प्लॅस्टिकला उष्णता भोवते, आणि बाजारातल्या बहुतेक लाइन थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी बनवलेल्या असतात. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. असल्या उन्हात ती लाइन मऊ, चिकट होते, काठीच्या कड्यांना धरून बसते आणि फेक अर्ध्यात मरते. तेव्हा वेष्टनावर ट्रॉपिकल किंवा वॉर्मवॉटर लिहिलेलीच लाइन घ्यावी. तिचं आवरण टणक आणि गाभा ताठ असतो. या टणकपणाची किंमत थंडीत मोजावी लागते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांत हीच लाइन रिळावरून स्प्रिंगसारखी वळ्या-वळ्यांत निघते. फेकण्याआधी ती दोन माणसांनी धरून, हळूहळू ताणून सरळ केली की काम भागतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लाइन ठेवू नये. डास पळवणारं मलम लावलेल्या हातानं तर तिला मुळीच धरू नये. त्यातलं डीट हे रसायन हे आवरण विरघळवतं.

आता लीडरकडे यायला हवं, कारण पृष्ठभागाजवळच्या मासेमारीत निम्म्या चुका तिथे होतात. माशाला वरचं जग एका गोल खिडकीतूनच दिसतं. पाण्यात शिरणारा प्रकाश वाकतो, त्यामुळे ती खिडकी सुमारे 97 अंशांची असते. तीस सेंटिमीटर खोलीवरच्या माशासाठी तिचा व्यास सत्तर सेंटिमीटरच्या आतच भरतो. खिडकीबाहेरचा सगळा पृष्ठभाग माशाला खालून आरशासारखा दिसतो. त्या आरशावर लीडर तरंगत असेल तर तो पाण्याला दाबून एक लांब खोबण पाडतो, आणि ती माशाला दुरून दिसते. लीडर पृष्ठभाग फोडून वीतभर खाली गेला की ही खूण नाहीशी होते.

नायलॉन पाण्यापेक्षा थोडंसंच जड असल्यानं, हाताचं तेल लागलं की ते तरंगतंच. त्यावरचा उपाय स्वयंपाकघरात आणि किराणा दुकानात आहे. मुलतानी मातीची चमचाभर पूड, भांडी घासायच्या पातळ साबणाचे काही थेंब आणि थोडं ग्लिसरीन घालून घट्ट लगदा मळायचा आणि लहान डबीत भरायचा. फ्लायपासून वर मीटर-दीड मीटर लीडर त्यातून चिमटीत धरून ओढून काढायचा. तेल निघतं, चकाकी मरते, लीडर लगेच बुडतो. जगभर हेच करतात. आपल्याकडे ही माती चेहऱ्याला लावायला घरोघरी असते, एवढाच फरक. फ्लोरोकार्बनचा धागा नायलॉनपेक्षा बराच जड असल्यानं आपोआप बुडतो, पण महाग पडतो. तरंगणाऱ्या लाइनबरोबर तो चालतो. इंटरमीजिएटबरोबर साधं नायलॉन पुरतं, कारण लाइनच लीडरला खाली नेते आणि तिथे तो अडीच मीटरचा असला तरी भागतं.

इंटरमीजिएटची एक अडचण सांगायला हवी. ती पारदर्शक आणि पाण्याखाली असते, त्यामुळे मासा लागल्याचं दिसत नाही. सगळी भिस्त बोटांवर. काठीचं टोक पाण्याला टेकवून ठेवायचं आणि लाइन तर्जनीवरून सावकाश ओढायची. जडपणा जाणवला की काठी उचलण्याऐवजी लाइनच ताणायची. पुन्हा फेकण्यापूर्वी बुडालेली लाइन आधी बरीचशी जवळ ओढून घ्यावी लागते, नाहीतर ती पाण्यातून सुटत नाही. नवशिक्याला हे सुरुवातीला जड जातं, म्हणून पहिली लाइन ही नसावी.

मासे कोणते, हेही बघायला हवं. आपल्या धरणांत मत्स्यबीज सोडलेले कटला, रोहू, मृगळ असतात आणि तिघांची राहणी तीन थरांत: कटला वर, रोहू मध्ये, मृगळ तळाला. वलयं कटल्याची असली तरी तो पाणी गाळून सूक्ष्म प्लवक खातो, निंफला क्वचितच तोंड घालतो. त्याच्यामागे सकाळ घालवण्यात अर्थ नाही. चिलापी मात्र उथळ पाण्यात निंफ आवडीनं घेते, तशीच लहान देशी माशांची पुष्कळ कुळं. आणि कुठे नशिबानं महसीर. दख्खनच्या महसीरची जगाला शास्त्रीय ओळख झाली ती पुण्याच्या मुळा-मुठेतून. कर्नल साइक्स यांनी 1839 साली तिचं वर्णन केलं, आणि खुद्री हे तिचं जातिनाम इथल्याच मराठी नावावरून पडलं. धरणांनी आणि सुरुंग-विषाच्या मासेमारीनं तिला नद्यांतून हटवलं. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकात तिची पैदास सुरू केली आणि तिथली पिल्लं देशभर गेली. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा खाली वाड्याजवळ तिळसे इथे पोचते तेव्हा तिळसेश्वराच्या डोहात हेच मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. कुणाच्या गळाला महसीर लागलीच तर ती पाण्यातच, ओल्या हातानं सोडवून परत जाऊ द्यावी. हुकाचा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवला असेल तर यात क्षणभराचंच काम असतं.

धरणाची पातळीही लाइनच्या निवडीत येते. ऑक्टोबरमध्ये गवत बुडालेलं असतं आणि टाचण्यांची पिल्लं त्याच्या कडेनं फिरतात. तिथे तरंगणारी लाइन घ्यावी, कारण बुडणारी लाइन गवतात अडकते. पुढे सिंचनाला आणि कधी जायकवाडीला पाणी सुटतं, काठ चिखलाचा आणि उघडा होतो, अडथळे उरत नाहीत आणि वारा वाढतो. मार्चनंतर इंटरमीजिएटचा काळ. जून-जुलैत पाणी गढूळ झालं की निंफ कुणाला दिसतच नाही, तेव्हा लाइन धुऊन, सावलीत वाळवून ठेवून द्यावी. परतीच्या पावसात ढग गडगडले तर कार्बनची काठी तत्काळ खाली ठेवावी. ती वीज वाहून नेते.

निवाडा द्यायचा तर असा: पहिली लाइन तरंगणारी, पुढच्या भागात वजन असलेली, सहा क्रमांकाची, उष्ण हवेसाठी बनवलेली. तिच्यावर एक हिवाळा काढावा. दुसरी त्याच क्रमांकाची पारदर्शक इंटरमीजिएट, सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या आसपास बुडणारी. त्याहून जलद बुडणारी नको. तिच्यासाठी नवं रीळ घेण्याची गरज नाही, जुन्या रिळाचं जादा स्पूल पुरतं. दोन्ही बरोबर न्याव्यात आणि काठावर पोचल्यावर आधी पाच मिनिटं पाण्याकडे बघावं. वलयं शांतपणे उमटत असतील तर पहिली. पाण्यावर वाऱ्याच्या रेघा असतील तर दुसरी.

धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि त्यावर अनेक कुटुंबं जगतात. जाण्यापूर्वी त्या संस्थेला विचारावं, परवानगी घ्यावी, त्यांच्या जाळ्यांपासून दूर उभं राहावं. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे. तिथे काठी घेऊन जाऊच नये. आणि तुटलेला नायलॉनचा धागा, तो कितीही लहान असला तरी, खिशात घालून घरी आणावा. काठावर राहिला तर तो पाणपक्ष्यांच्या पायांत अडकतो आणि त्यांना मारतो.